लेकराची पहिली हरणाची बंदूक: एकनळी .३५० की बोल्टवाली .२४३?

ऑक्टोबर जवळ आला की ओळखीतल्या दोन-तीन घरांतून हमखास फोन येतो. मूल दहा-अकरा वर्षांचं आहे, .२२ च्या हलक्या रायफलवर हात बसलाय (हे आकडे म्हणजे गोळीचा साधारण व्यास, इंचात), मुलांच्या दोन दिवसांच्या हंगामात यंदा त्याला न्यायचंय. तर धक्का सोसेल अशी पहिली बंदूक कोणती घ्यावी? आम्ही अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यात राहतो. लेक अकराची झाली तेव्हा मीही याच विचारात पडलो होतो. एका वर्षी एक बंदूक वापरली, दुसऱ्या वर्षी दुसरी. त्या दोन हंगामांच्या अनुभवावरून लिहितोय.

धक्क्याचं मला एवढं का वाटतं, ते आधी सांगतो. मी पहिली गोळी झाडली ती कोकणात, आजोबांच्या ठासणीच्या बंदुकीतून. शेतात येणाऱ्या डुकरांसाठी त्यांच्याकडे ती परवान्याची होती. दस्ता खांद्यात नीट रुतवला नव्हता, गालावर वळ उठला. पुढे कित्येक वर्षं चाप ओढायच्या क्षणी माझे डोळे आपोआप मिटायचे. ही सवय एकदा लागली की सुटता सुटत नाही. लेकीला ती लागू द्यायची नाही, हे माझं ठरलेलं होतं.

दोन पर्याय सुरुवातीलाच बाजूला काढतो. घरातल्या मोठ्या .३०८ च्या तोंडाला मझल ब्रेक, म्हणजे भोकं असलेलं नळकांडं, बसवलं की काम झालं, असं बरेच जण सुचवतात. ब्रेकने धक्का खरंच कमी होतो. पण तो वायू बाजूला आणि मागे फेकतो, आणि सगळा आवाज नेम धरणाऱ्याच्या कानावर येतो. रेंजवर लेकीने कानात फोमचे बोळे आणि वर मफ घालून तीन गोळ्या मारल्या. चौथीच्या वेळी चाप ओढायच्या आधीच पापण्या मिटल्या. खांदा दुखतोय का विचारलं, तर म्हणाली, "खांदा नाही बाबा, आवाज अंगावर येतो." शिकारीच्या बंद आडोशात तोच आवाज आणखी कोंडतो. दुसरा पर्याय ७ एमएम-०८ चा. काडतूस उत्तम आहे, कमी धक्क्याच्या गोळ्याही मिळतात, आणि मूल चौदा-पंधराचं, अंगाने भरलेलं असेल तर जरूर पाहा. आमच्या अकरा वर्षांच्या किडकिडीत पोरीला मात्र ते एक पायरी जास्तच वाटलं.

उरल्या दोन: मधोमध मोडून एकेक काडतूस भरायची एकनळी .३५० लेजंड, आणि आखूड दस्त्याची बोल्टवाली, म्हणजे बाजूचा दांडा मागेपुढे करून काडतूस भरायची, .२४३ विंचेस्टर.

तुम्ही ओहायोत असाल तर हा प्रश्न तुमच्यासाठी सुटलेलाच आहे. तिथे हरणाला रायफल वापरायची तर सरळ काडतूसच लागतं; .२४३ चं काडतूस मानेशी निमुळतं होतं, त्यामुळे ते चालत नाही. .३५० लेजंड २०१९ मध्ये आलं ते अशाच राज्यांसाठी. विस्कॉन्सिनमध्ये दोन्ही चालतात. .२४३ हे १९५५ पासूनचं जुनं-जाणतं काडतूस; .३०८ चीच मान आवळून केलेलं. ज्या दुकानात हरणाची काडतुसं असतात तिथे हे बहुधा असतंच.

धक्क्याच्या बाबतीत मला तरी दोघींत मोठा फरक जाणवला नाही. एका सकाळी लेकीला दोन्हींच्या दहा-दहा गोळ्या मारायला दिल्या. तिच्या शब्दांत सांगायचं तर .३५० "ढकलल्यासारखी" आणि .२४३ "टिचकी मारल्यासारखी". खांदा दोन्ही वेळा ठीक होता. आवाज .२४३ चा जास्त टोकदार, आणि आखूड नळीमुळे तो आणखी जाणवतो, हे मान्य करायला हवं. अंतराचं म्हणाल तर मुलाला शंभर यार्डांपलीकडे मारूच देऊ नये या मताचा मी आहे. तेवढ्यात दोन्ही पुरतात.

मापाची एक गोष्ट मात्र दोन्हींना लागू आहे, आणि तिथे बरेच पालक फसतात. दस्त्याचं बूड कोपराच्या खोबणीत धरून बोट चापापर्यंत पोचतंय का, हे आपण ऑगस्टमध्ये टी-शर्टवर पाहतो. हंगामाच्या थंडीत त्याच खांद्यावर स्वेटर आणि जाड जॅकेट चढतं, आणि तोच दस्ता लांब होतो. मग मूल मान पुढे काढून स्कोपमध्ये, म्हणजे बंदुकीवरच्या दुर्बिणीत, डोकावतं. डोळा स्कोपच्या जवळ गेला की साधा धक्काही भुवईवर खूण ठेवून जातो. म्हणून माप जॅकेट घालूनच घ्या. आमच्या लेकीला साडेबारा इंचांचा दस्ता बरोबर बसला.

आता मुख्य मुद्दा. पहिल्या वर्षी आमच्याकडे एकनळी .३५० होती. हलकी, सुटसुटीत, समजायला सोपी. एकच गोळी असल्यामुळे मूल घाई करत नाही, हे तिच्या बाजूने सांगितलं जातं आणि त्यात तथ्यही आहे. या बंदुकीला बाहेरून घोडा, म्हणजे चाप ओढल्यावर आघात करणारी हातोडी, असतो. मारायच्या वेळी तो अंगठ्याने मागे ओढायचा. स्कोपचं मागचं टोक नेमकं घोड्यावर येतं, म्हणून घोड्याला बाजूने एक आडवा खुंट जोडावा लागतो. हातमोज्यातला छोटा अंगठा त्या खुंटावर घसरतो.

शनिवारची संध्याकाळ. उजेड उतरत होता आणि साठेक यार्डांवर ओकच्या झाडीतून एक मादी बाहेर आली. बंदूक तिपाईवर टेकलेली होती. दोनदा घसरून तिसऱ्यांदा लेकीने घोडा चढवला. खट्ट झालं. हरिणीने मान वर केली, दोन पावलं टाकली आणि झुडपाआड जाऊन उभी राहिली. आम्ही थांबलो. चारेक मिनिटांनी ती आल्या वाटेने परत गेली.

आणि लेकीने कुजबुजत विचारलं, "बाबा, आता काय करू?"

आत गोळी, घोडा चढलेला, आणि समोर काही नाही. आमच्या बंदुकीची नळी घोडा चढलेला असताना उघडत नसे. म्हणजे घोडा उतरवायलाच हवा. त्यासाठी तो अंगठ्याने घट्ट धरायचा, चाप ओढायचा, आणि स्प्रिंगच्या जोराविरुद्ध घोडा हळूहळू पुढे सोडायचा. तेही भरलेल्या बंदुकीवर. हल्लीच्या अशा बऱ्याच बंदुकांत ट्रान्सफर बार असतो, म्हणजे चाप ओढलेला असतानाच घोड्याचा आघात काडतुसापर्यंत पोचवणारी पट्टी. घोडा हलताच चापावरचं बोट काढलं, तर पुढे अंगठा निसटला तरी गोळी सुटत नाही. पण बोट त्या क्षणी काढलं तरच. घरी रिकाम्या बंदुकीवर आम्ही हे पन्नासदा केलं होतं. थंडीने बोटं आखडलेली, छातीत धडधड, अशा वेळी अकरा वर्षांच्या मुलीला ते करायला सांगायची माझी हिंमत झाली नाही. बंदूक मी घेतली, नळी समोरच्या मऊ जमिनीकडे केली आणि घोडा उतरवला. माझाही अंगठा बधिर झाला होता. तो दीड सेकंद मला अजून आठवतो.

हरण दिसतं, पण आडवं उभं राहत नाही, मागे दुसरं हरण असतं, मध्ये फांदी येते. मुलाच्या पहिल्या शिकारीत बहुतेक वेळा मारायचं नाही असंच ठरतं. मारायची तयारी करून ती मोडणं ज्या बंदुकीत सोपं, ती मुलाला बरी, असं मला त्या रात्रीपासून वाटतं.

पुढच्या वर्षी कामावरच्या मित्राने त्याच्या मुलाची रुगर अमेरिकन कॉम्पॅक्ट दिली, .२४३ मधली. सेफ्टी, म्हणजे गोळी सुटू न देणारी कळ, दस्त्याच्या वरच, अंगठ्याखाली येते. पुढे सरकवली की मारायला तयार, मागे ओढली की बंद. सेफ्टी लावलेली असतानाही बोल्ट उघडून गोळी काढता येते. एकच गोळी असण्याची शिस्तही कुठे जात नाही: मॅगझिनमध्ये एकच काडतूस घालायचं.

.२४३ घ्यायची तर गोळीकडे लक्ष द्या. याच काडतुसात कोल्ह्या-सशांसाठीच्या हलक्या, लगेच फुटणाऱ्या गोळ्याही मिळतात. त्या हरणाला वापरल्या तर जनावर जखमी होऊन पळतं, आणि ते मुलाने पाहू नये. ९५-१०० ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) हरणासाठीची गोळी घ्या, नाहीतर ८०-८५ ग्रेनची अख्ख्या तांब्याची. आम्ही तांब्याची वापरतो, कारण ते मांस घरातली लहान मुलंही खातात आणि खिम्यात शिशाचे कण नकोत. मोठ्या गोळीत चुकीला थोडी जास्त माफी असते असं .३५० वाले म्हणतात, आणि त्यांचं अगदीच चूक आहे असं मी म्हणणार नाही. नेम खांद्याच्या लगेच मागे, फुप्फुसांवर. तिथे खात्री नसेल तर मारायचं नाही.

त्या दुसऱ्या ऑक्टोबरात रविवारी पहाटे पुन्हा तसंच झालं. दोन माद्या, सत्तर यार्ड, लेकीने सेफ्टी पुढे सरकवली. पुढची मादी आडवी झाली, तेवढ्यात मागची नेमकी तिच्या पाठीशी येऊन उभी राहिली. मी काही बोलायच्या आत अंगठा मागे गेला आणि सेफ्टी लागली. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, स्कोपमधून बघतच राहिली. दोन्ही माद्या चरत चरत निघून गेल्या. त्या हंगामात हरण मिळालं नाही. सोमवारी मित्राची बंदूक परत केली आणि येताना दुकानातून तशीच एक घेऊन आलो.

एक अपवाद सांगायला हवा. तुमचं मूल डावखुरं असेल, किंवा त्याचा डावा डोळा जोराचा असेल, तर उजव्या हाताचा बोल्ट त्याला दर वेळी नळीवरून हात नेऊन चालवावा लागेल. हरणाच्या काडतुसातली डाव्या हाताची, लहान मापाची बोल्टवाली शोधायला वेळ लागतो. एकनळीला डावं-उजवं नसतं, फक्त घोड्याचा खुंट दुसऱ्या बाजूला लावायचा. अशा घरी मी .३५० ला नाही म्हणणार नाही. मात्र घोडा चढवणं आणि उतरवणं, दोन्ही पहिलं वर्षभर तुमच्याच अंगठ्याने होऊ द्या. मेंटॉर, म्हणजे मुलाबरोबरचा जबाबदार मोठा माणूस, म्हणून तुम्हाला तिथे मुलाच्या हाताच्या अंतरावर बसायचंच असतं.