पावसाळ्यातला व्यायाम: कार्यालयाचा हॉल की सोसायटीचं पार्किंग?

जूनमध्ये सुरुवातीला सगळेच शूर असतात. मग नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर चिखल होतो, पांडवलेणीच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं आणि पहाटे व्यायामाच्या ग्रुपवर 'आज आहे का?' सुरू होतं. हा प्रश्न रोज पडायला लागला की ग्रुप फुटलाच म्हणून समजा. त्यामुळे छप्पर आधीच ठरवून ठेवलेलं बरं. गंगापूर रोडला राहा नाहीतर इंदिरानगरला, परवडणारे पर्याय दोनच उरतात: मंगल कार्यालयाचा हॉल किंवा कुणाच्या तरी सोसायटीचं स्टिल्ट पार्किंग, म्हणजे इमारतीखालचं खांबांवरचं मोकळं पार्किंग. मोबाइलवर घरून करायचा पर्याय मी धरतच नाही. कॅमेरा बंद करून चहा पिणारे आमच्यातही आहेत.

आम्ही दोन्हीकडे पावसाळे काढलेत.

हॉलचं गणित चातुर्मासावर बसतं. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत लग्नं फारशी नसतात, हॉल रिकामे पडून असतात, आणि सकाळचा तासभर द्यायला मालक सहसा नाही म्हणत नाही. 2023 सारखा अधिक श्रावण आला तर चातुर्मास पाच महिन्यांचा, म्हणजे आणखीच सोय. भाडं ठरवताना लाइटबिल वेगळं की धरून, तेवढं विचारून घ्या. हल्ली पंचांगात काढीव मुहूर्तही असतात, शिवाय साखरपुडे, डोहाळजेवणं आणि साड्यांचे सेल आहेतच. 'उद्या हॉल नाही' असा आदल्या रात्रीचा फोन गृहीत धरा. बाकी जागा ऐसपैस, पंखे भरपूर. सर स्टेजवर उभे राहिले की शेवटच्या रांगेतल्या काकूंनाही गुडघा कुठवर वाकवायचा ते दिसतं. पार्किंगमध्ये ही सोय नाही.

तरी माझं मन हॉलवरून उडालं ते बुटांमुळे.

चकचकीत फरशीवर ओले बूट कोण येऊ देणार? केअरटेकरचं बरोबरच आहे. बूट बाहेर काढायचे म्हणजे उड्या अनवाणी मारायच्या किंवा मोज्यांवर. मोजे घालून त्या फरशीवर लंज करून बघा, पुढचा पाय आपोआप आणखी पुढे जातो. अनवाणी केलं तर टाचा बोलायला लागतात, निदान माझ्या लागल्या. व्यायामाचा दुसरा कोरडा जोड पिशवीतून आणा, असं सर सांगायचे. पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी आणला, नंतर मोजक्यांनी. आणि तास संपल्यावर दाराशी तो ओल्या बुटांचा ढीग! वळचणीचं पाणी नेमकं त्यावर पडलेलं. गरम पाय पुन्हा त्या गार, चिंब बुटात घालायचे. श्रावणात बूट वाळतात कुठे? रात्री आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवायचे, सकाळी हात घातला की बोळे ओले आणि बूटही दमटच. तुम्हाला हे किरकोळ वाटेल कदाचित. मला मात्र सकाळी अंथरुणातून उठताना पावसाआधी तो बूटच आठवायचा.

पार्किंगमध्ये बूट पायातच राहतात. खाली खडबडीत चेकर्ड टाइल किंवा पेव्हर ब्लॉक, पाय सरकत नाही. कडेच्या ओळीत पावसाची झड येते, तेवढी सोडली तर जमीन बऱ्यापैकी कोरडी. तिन्ही बाजूंनी हवा खेळते, त्यामुळे बंद हॉलमध्ये होतो तसा घामाचा चिकचिकाट कमी.

त्रास इथेही आहेत. आकडे मोठ्याने मोजता येत नाहीत, पहिल्या मजल्यावर लहान बाळ असतंच. कमिटीत एक तरी सदस्य 'बाहेरची माणसं कशाला?' म्हणतो, त्यांच्या सौभाग्यवतींना ग्रुपमध्ये घेतलं की विषय बराच मिटतो. गणपतीत तिथेच मंडप पडतो, मग ते दहा दिवस सुट्टी. आणि गाड्यांचा धूर. इंजिन गार असताना धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापलेला नसतो, म्हणून सुरुवातीची काही मिनिटं धूर जास्त वाईट. स्टिल्टमध्ये तो निघून जातो, तळघरात कोंडून राहतो. त्यामुळे बेसमेंट कितीही प्रशस्त असलं तरी नकोच. लवकर निघणाऱ्यांच्या गाड्या आदल्या रात्रीच गेटच्या बाजूला लावायला सांगा, वॉचमनकाका ते नीट बघतात.

तुमच्या ग्रुपमध्ये योगासनं आणि प्राणायाम जास्त असेल, किंवा गुडघेदुखीवाले बरेच असतील, तर हॉल घ्या. तिथे तसंही बूट लागत नाहीत, सतरंजी पसरली की झालं. माणसं खूप असतील तरीही हॉलच, पार्किंगच्या खांबांमध्ये रांगा तुटतात. पण धावणं, उड्या, स्क्वॉट असा मामला असेल तर मी कमिटीकडे अर्ज देईन, तोही मे महिन्यातच. जूनमध्ये अर्ज दिला तर मीटिंग होईपर्यंत श्रावण उजाडतो. 2027 ला सिंहस्थ आहे, त्या पावसाळ्यात कार्यालयं बाहेरगावच्या माणसांनी भरलेली असतील असा माझा अंदाज. निदान त्या वर्षासाठी तरी पार्किंगची बोलणी लवकर सुरू करा.