लाटेकमधील गटाची हद्द : आठ महिन्यांच्या वापरानंतर

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतील यंत्रमाग कारखान्यांची चादरी-टॉवेलांची दरपत्रके मी गेले आठ महिने लाटेकमध्ये, म्हणजे मजकुरात कमांड लिहून पाने जुळवणाऱ्या संगणक प्रणालीत, जुळवीत आहे. अक्षरजुळणीबद्दल तक्रार नाही; झीलाटेक ही तिची आवृत्ती घेतली की देवनागरी जोडाक्षरे नीट येतात. माझा वेळ खाल्ला तो गटाच्या आत केलेल्या व्याख्येच्या हद्दीने, म्हणजे कमांडच्या नावाला दिलेला अर्थ कुठवर टिकतो याने.

डबल चादरीचा दर मी प्रीअँबलमध्ये, म्हणजे फाइलच्या सुरुवातीच्या मांडणीच्या भागात, नवे नाव बांधणाऱ्या 'न्यूकमांड'ने बांधून ठेवला होता. दिवाळीच्या यादीत तो बदलायचा म्हणून मजकूर मध्यभागी आणणाऱ्या सेंटर एन्व्हायर्नमेंटच्या (बिगिन आणि एंड या कमांडांमधल्या भागाच्या) आत, तक्त्याच्या अगोदर, आधीच्या नावाचा अर्थ बदलणारे 'रिन्यूकमांड' लिहिले. तक्त्यात नवा दर उमटला आणि खाली घाऊक विक्रीच्या अटींत जुनाच. एकाच पानावर एका चादरीचे दोन दर, आणि लॉग फाइलमध्ये त्याबद्दल चकार शब्द नाही! प्रूफ वाचताना दिवाणजींनी बोट ठेवले म्हणून निभावले. बिगिन आणि एंड यांच्यामध्ये गट असतो. त्यात एखाद्या नावाचा अर्थ बदलला, तर टेक (लाटेकच्या मुळाशी असलेला प्रोग्राम) जुना अर्थ बाजूला जपून ठेवतो आणि गट मिटताच तो परत बसवतो. सुट्या महिरपी कंसाचे तेच, तक्त्यातील प्रत्येक खान्याचेही तेच : खाने वेगळे करणारे अँपरसँड (&) हे चिन्ह आले की त्या खान्यातली व्याख्या संपली. मात्र कमांडच्या आर्ग्युमेंटभोवतीचे (तिला पुरवलेल्या मजकुराभोवतीचे) कंस गट करीत नाहीत, ते वाचतानाच गळून पडतात. हे मला फार उशिरा उमगले.

चिडून मी सगळीकडे गटाबाहेरही लागू राहणारी व्याख्या करणारी 'जीडेफ' ही कमांड वापरू लागलो, आणि ते औषध रोगाहून कडू निघाले. व्याख्या गटाबाहेर टिकते खरी, पण ते नाव आधीच घेतलेले आहे का, हे 'जीडेफ' पाहत नाही. दराला मी 'डी' एवढेच नाव दिले. अक्षराखाली टिंब देणारी मूळ कमांड त्याच नावाची असल्याने ती मुकाट्याने पुसली गेली. कारखान्याच्या इंग्रजी परिचयात पंढरपूरचे नाव टिंबांसह लिहिले होते, तिथे टिंबांऐवजी दोनदा रुपये छापले गेले. 'न्यूकमांड'ने तिथल्या तिथे हटकले असते.

काउंटर (क्रमांक मोजणारे आकडे) मात्र गट मिटल्यावरही टिकतात आणि लांबीची मापे टिकत नाहीत. हा पंक्तिप्रपंच आधी खटकला. पण कलमाचा क्रमांक गटाबरोबर मागे गेला असता, तर अटींची क्रमवारीच लागली नसती. आता दर बदलायचा तर तो सेंटर सुरू होण्यापूर्वीच बदलतो. एखाद्या खान्यापुरता ठळक टाइप तेवढा खान्यातच ठेवतो, आणि तो शेजारी सांडत नाही.