बीटीआयची आळवणी आणि कुंड्यांतली मूळकूज : कोकणातल्या आठ महिन्यांचा अनुभव

कुंड्यांतल्या मातीवर घोंगावणाऱ्या बारीक काळ्या चिलटांसाठी, ज्यांना रोपवाटिकावाले फंगस नॅट म्हणतात, मी गेल्या जूनअखेरीपासून बीटीआय हे जैविक औषध आळवणीने, म्हणजे पाण्यात मिसळून मातीत ओतून, वापरत आहे. आता फेब्रुवारी संपत आला आहे. एक पूर्ण पावसाळा, ऑक्टोबरचा उकाडा आणि कोकणात पडते तेवढी थंडी पाहून झाल्यामुळे त्याविषयी लिहिण्यास हरकत नाही. औषध चांगले आहे आणि मी ते पुन्हा घेणार आहे. मात्र याच काळात माझ्या ज्या सात कुंड्या गेल्या, त्या चिलटांमुळे गेल्या नव्हत्या, हे कळायला ऑगस्ट उजाडावा लागला.

आमचे घर रत्नागिरी तालुक्यात, खाडीपासून चालत दहा मिनिटांवर आहे. एकूण बेचाळीस कुंड्या आहेत: मोगरा, अनंत, अबोली, जास्वंद, गवती चहा, मिरचीची रोपे, दोन मिरवेली आणि हौसेने आणलेली काही अडेनियम. मे महिन्यात मी त्यांतल्या बहुतेकांची माती बदलली. विटांच्या आकारात मिळणारे कोकोपीट, गोठ्यातून आणलेले शेणखत आणि फणसाच्या झाडाखालचा पालापाचोळा असे ते मिश्रण होते. शेणखत पुरते कुजलेले नव्हते, हे हाताला लागत असूनही मी दुर्लक्ष केले. मृगाचा पाऊस सुरू झाला, तशा अंगणातल्या नाजूक कुंड्या पडवीत आल्या, आणि पंधरवड्यात पडवीत चहा घेऊन बसणे अशक्य झाले, कारण कपात दोन-तीन चिलटे पडल्याशिवाय चहा संपत नसे.

ही चिलटे पिकलेल्या केळ्यांवर येणाऱ्या चिलटांहून वेगळी असतात. दोन ते चार मिलिमीटर लांब, डासासारखी बारीक, उडण्यापेक्षा मातीवर तुरुतुरु धावणारी. खात्री करून घेण्यासाठी कच्च्या बटाट्याच्या चकत्या मातीवर दाबून ठेवल्या आणि दोन दिवसांनी उलटून पाहिल्या. काचेसारखे पारदर्शक अंग आणि चकचकीत काळे डोके असलेल्या अळ्या एकेका चकतीखाली दहा-दहा, बारा-बारा निघाल्या. या अळ्यांचे मुख्य अन्न बुरशी आणि कुजणारा पाला हेच असते. संख्या वाढली की त्या पांढरी मुळीही कुरतडतात, आणि त्या जखमांतून मुळांच्या रोगांना वाट मिळते. जुन्या जास्वंदीला याने काही होत नाही. मिरचीची कोवळी रोपे आणि अबोलीच्या नुकत्या लावलेल्या फांद्या मात्र आठवड्यात माना टाकतात.

पहिले दोन आठवडे मी चुकीचे औषध वापरले. दुकानात बीटी मागितले, त्यांनी बीटी दिले, आणि ते पानांवरच्या अळ्यांसाठीचे कुर्स्टाकी निघाले. नावातला तिसरा शब्द वाचणे आवश्यक आहे. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचे अनेक उपप्रकार आहेत. कुर्स्टाकी पतंग आणि फुलपाखरांच्या अळ्यांना मारतो, तर डास आणि चिलटांच्या अळ्यांवर चालतो तो इस्रायलेन्सिस, म्हणजेच बीटीआय, जो १९७६ साली इस्रायलमधील नेगेव्ह वाळवंटातल्या एका डबक्यात सापडला. दुकानदारावर रागावण्यात अर्थ नव्हता. बाटलीवर सगळे छापलेले होते आणि चष्मा माझ्याच कपाळावर होता.

योग्य बाटली आली ती डासांच्या अळ्यांसाठीची. तिच्यावर डबकी, गटारे आणि टाक्या यांसाठीच्या मात्रा होत्या, कुंडीचा उल्लेख नव्हता, आणि ही माझी या औषधाविषयीची पहिली तक्रार आहे. मी लिटरला चार मिलिलिटर धरून, पाणी वरची तीन-चार इंच माती भिजवील इतक्या बेताने, दर सात दिवसांनी आळवणी केली. अळ्या त्याच थरात असतात, त्यामुळे कुंडीच्या तळातून पाणी निघेपर्यंत ओतण्याची गरज नसते, आणि पावसाळ्यात ते ओतूही नये. पावसाळ्यात आमच्या विहिरीत टीसीएल, म्हणजे क्लोरीन असलेली ब्लीचिंग पावडर, टाकली जाते. ती टाकली की दोन दिवस मी आळवणीचे पाणी रात्रभर उघड्या बादलीत ठेवून मगच वापरते.

हे औषध अंगाला लागून काम करत नाही, ते अळीच्या पोटात जावे लागते. तिथल्या अल्कधर्मी रसात त्यातील प्रथिनांचे स्फटिक विरघळतात, आतड्याला भोके पडतात, अळी खाणे थांबवते आणि एक-दोन दिवसांत मरते. अंडी, कोष आणि उडणारी चिलटे यांना ते काहीच करत नाही. म्हणून पहिल्या आळवणीनंतर दुसऱ्या दिवशी चिलटे तेवढीच दिसतात, आणि बहुतेक लोक इथेच औषधाला नावे ठेवून मोकळे होतात. अंड्यापासून चिलटापर्यंतचा प्रवास उबदार हवेत सुमारे तीन आठवड्यांचा असल्यामुळे, निदान चार आठवडे खंड न पडू देता आळवणी करावी लागते. पिवळ्या चिकट सापळ्यावर मी दर रविवारी मोजणी ठेवली होती. मोगऱ्याच्या कुंडीजवळच्या सापळ्यावर पहिल्या रविवारी अडुसष्ट चिलटे होती, दुसऱ्या रविवारी चौऱ्याहत्तर, तिसऱ्या रविवारी एकेचाळीस, चौथ्या रविवारी तेरा आणि पाचव्या रविवारी पाच. दुसऱ्या आठवड्यातल्या वाढीने मी खट्टू झाले होते, हे मान्य करते.

त्यानंतर गणपती आले. घर माणसांनी भरलेले असताना दोन आळवण्या राहून गेल्या, आणि गौरी जाऊन सगळे मुंबईला परतेपर्यंत आकडा पुन्हा तिशीत गेला. औषध मातीत फार काळ टिकत नाही आणि तिथे स्वतःहून वाढतही नाही, हे वाचलेले होते. अनुभवाने ते पटले.

पिवळ्या सापळ्यांविषयी एवढेच की त्यांचा उपयोग मोजणीपुरता धरावा. सापळ्यावर मादी चिकटेपर्यंत बहुधा तिची अंडी घालून झालेली असतात. शिवाय पडवीत सापळा उघडा टांगल्यावर तिसऱ्या दिवशी त्याला पाल चिकटली. तिला खोबरेल तेल लावून हळूहळू सोडवण्यात अर्धा तास गेला, आणि सासूबाई तो अर्धा तास दाराआड उभ्या राहून सूचना देत होत्या. तेव्हापासून सापळा मी मातीपासून दोन बोटांवर आडवा ठेवते आणि त्यावर जुनी भोकांची टोपली पालथी घालते.

आता मुळांविषयी, कारण औषधाची मर्यादा तिथे कळते. ऑगस्टच्या मध्यावर चिलटे जवळजवळ संपली होती, तरी दोन अडेनियम बुंध्याशी मऊ पडली, एका मिरवेलीची पाने पिवळी होऊन गळू लागली आणि अनंत भर पावसात पाणी न मिळाल्यासारखा कोमेजला. पाने कोमेजली की हात आपोआप तांब्याकडे जातो, आणि मीही दोनदा पाणी घातले. शेवटी अनंत कुंडीतून उपटून पाहिला. मुळे तपकिरी झाली होती, नासलेल्या भाजीसारखा वास येत होता, आणि मूळ चिमटीत धरून ओढले की वरची साल हातात येऊन आत नुसता दोरा उरत होता. ही मूळकूज होती. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळांना हवा मिळत नाही, ती गुदमरतात, आणि अशा दुबळ्या मुळांवर पिथियम, फायटोफ्थोरासारखे रोगजंतू चढतात. चिलटेही त्याच ओल्या, कुजक्या मातीकडे आकर्षित होऊन आलेली होती. त्यांचा बंदोबस्त झाला तरी माती तशीच राहिली होती.

सर्वत्र सल्ला मिळतो की वरची दोन इंच माती सुकू द्यावी. देशावर तो योग्य असेल. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. पडवीतले कपडे जिथे चार-चार दिवस दमट राहतात, तिथे कुंडीत आपोआप वाफसा येण्याची वाट पाहता येत नाही. जुलैमध्ये मी तीन कुंड्यांना अकरा दिवस थेंबही पाणी दिले नाही, आणि तरी माती मुठीत दाबली की पाणी बोटांवर येत होते. मातीच्या कुंड्या श्वास घेतात असे म्हणतात, पण हवाच पाण्याने भरलेली असताना त्यांच्या भिंतींतून काही उडून जात नाही; त्यांच्यावर शेवाळे तेवढे येते.

दुसरी समजूत कुंडीच्या तळाशी घालायच्या खडीच्या थराची. मी तो थर तीन बोटे जाड घातला होता आणि त्याने नुकसानच केले. बारीक मातीतले पाणी खालच्या मोठ्या खड्यांत सहजासहजी उतरत नाही. ते मातीच्या तळाशीच अडून राहते, आणि खडीमुळे तो ओला पट्टा मुळांच्या आणखी जवळ येतो. भांडी घासण्याचा स्पंज भिजवून आडवा धरावा आणि पाणी ठिबकायचे थांबल्यावर उभा करावा, म्हणजे आणखी पाणी गळते. कुंडीचेही तसेच असते. उंच कुंडीत वरच्या मुळांना हवा मिळते, पसरट कुंडीत सगळीच मुळे ओल्या पट्ट्यात राहतात. त्यामुळे भोकावर एक खापरी पुरते, आणि पसरट कुंड्यांऐवजी मी आता रंगाच्या रिकाम्या उंच बादल्यांना तळाशी आणि बाजूने भोके पाडून वापरते. दिसायला त्या अजिबात चांगल्या नाहीत.

सप्टेंबरअखेरीस उरलेल्या सगळ्या कुंड्यांची माती पुन्हा बदलली. दोन भाग नारळाच्या सोडणांचे बोटाच्या पेराएवढे तुकडे, दोन भाग जांभ्याची बारीक खडी, एक भाग भाजलेले भाताचे तूस आणि एक भाग पुरते कुजलेले शेणखत. जांभ्याचा चुरा चिरेखाणीवर ढिगांनी पडलेला असतो, परंतु तो तसाच घातला तर त्यातली भुकटी पोकळ्या बुजवून टाकते. रव्याच्या चाळणीने चाळून खाली पडणारे सगळे टाकून द्यावे लागते. माझ्या घमेल्यातले जवळजवळ निम्मे असेच गेले. सोडणे खाडीच्या पाण्यात भिजलेली असतील तर त्यांत मीठ असते, म्हणून तुकडे गोड्या पाण्यात तीनदा, दर वेळी रात्रभर भिजवून ते पाणी ओतून दिले. समुद्राची वाळू वापरण्याचा मोह मी याच कारणासाठी टाळला. या मिश्रणात ट्रायकोडर्मा (मूळकुजीच्या रोगजंतूंना रोखणारी उपकारक बुरशी) मिसळले. त्याचा किती उपयोग झाला हे वेगळे काढून सांगता येणार नाही, कारण माती आणि ट्रायकोडर्मा एकाच दिवशी बदलले.

इतर उपाय थोडक्यात. दालचिनीची पूड मातीवर भुरभुरावी असे वाचले होते. आमच्या परसात दालचिनीचे झाड आहे, म्हणून ती सढळ हाताने घातली, आणि जुलैच्या दमटपणात आठवड्याने तिच्यावरच बुरशी आली. निंबोळी पेंडीचेही तेच झाले: मातीवर पांढरी बुरशी, आणि त्या बुरशीवर नवी चिलटे. पेंड आता मी फक्त उन्हाळ्यात घालते. मामंजींच्या आग्रहावरून चुलीतली राख घातली. पहिल्या दोन दिवसांत बरे वाटले, नंतर तिचा लगदा होऊन मातीवर कवच तयार झाले. हायड्रोजन पेरॉक्साइडने अळ्या मरतात, परंतु त्याने ट्रायकोडर्माही मरते, आणि मेडिकलमधून आणलेल्या माझ्या बाटलीवर ६ टक्के लिहिलेले होते, तर घरगुती प्रमाणे बहुधा ३ टक्के धरून सांगितलेली असतात. मातीवर एक बोटभर जांभ्याची कोरडी खडी पसरणे मात्र उपयोगी पडले, कारण चिलटांना अंडी घालायला ओली माती सापडत नाही. तरीही काही चिलटे तळाच्या भोकांतून शिरतात.

बीटीआयविषयीची दुसरी तक्रार बाटलीच्या आकाराची आहे. एक लिटरपेक्षा लहान बाटली मला जवळपास मिळाली नाही, आणि घरगुती वापरात ती मुदतीत संपत नाही. मी शेजारच्या वहिनींबरोबर ती वाटून घेतली. उन्हात औषधाची ताकद जाते. वहिनींची बाटली महिनाभर उन्हाच्या खिडकीत राहिली, तिला आंबूस वास येऊ लागला आणि तिने अळ्या मेल्या नाहीत. माझी कपाटातली त्याच दिवशीची बाटली व्यवस्थित चालली. आळवणीही मी म्हणूनच संध्याकाळी करते. जमेची बाजू अशी की गांडुळांना, मधमाश्यांना आणि आमच्या मांजराला त्याचा त्रास झाला नाही, आणि कुंड्यांखालच्या बशांत साचणाऱ्या पाण्यातल्या डासांच्या अळ्याही त्याच पाण्याने संपल्या.

आजची स्थिती अशी की पस्तीस कुंड्या आहेत. नोव्हेंबरपासून आळवणी फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या तीन कुंड्यांना लागते, कारण तिथे येताजाता प्रत्येकजण पाणी घालतो. गेल्या रविवारी मिरवेलीजवळच्या सापळ्यावर चार चिलटे होती. नव्या मिश्रणाने अजून पावसाळा पाहिलेला नाही, त्यामुळे त्याविषयीचे मत मी ऑगस्टपर्यंत राखून ठेवते. बाटलीत दोनशे मिलिलिटर औषध उरले आहे आणि त्याची मुदत मे महिन्यात संपते. मृगाच्या आधी नवी बाटली आणायची आहे, आणि या वेळी वहिनींचा अर्धा वाटाही माझ्याच कपाटात राहील असे ठरले आहे.