मस्कतला नेलेले 400 रियाल

जून 2025 मध्ये लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं ओमानमधल्या मस्कतला गेलो. आमचं गाव चिपळूण तालुक्यात. वाडीतल्या बऱ्याच घरांतून कुणी ना कुणी आखातात आहे. रियाल, दिरहॅम हे शब्द कानावरचेच, त्यामुळे चौकशी करावी असं मनातसुद्धा आलं नाही.

निघायच्या आठवडाभर आधी बाजारपेठेतल्या एका दुकानदाराने यांना गाठलं. तिकिटं काढून देणारा, तोंडओळखीचा माणूस. "काका, रियाल बाहेर 228 रुपयांनी पडेल, मी 215 ने देतो." काजूचे पैसे घरात होते. 86,000 रुपये रोख मोजून दिले आणि 20 रियालच्या 20 नोटा घेतल्या. पावती मागितली नाही. नोटा कोऱ्या करकरीत होत्या, पण त्यांना डांबरगोळ्यांचा वास येत होता. कपाटात ठेवल्या असतील, एवढंच तेव्हा मनात आलं. कुठल्या कपाटात आणि किती वर्षं, हे विचारायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी बाळाचं सामान आणायला मस्कतमधल्याच रुवी भागात गेलो. दुकानदाराने नोट उलटून पाहिली आणि परत माझ्या हातात ठेवली. शेजारच्या मनी एक्स्चेंजमध्ये गेलो. काउंटरवरच्या मुलाने छापलेल्या सालावर अंगठा ठेवला : 2010. "ये बंद हो गया, अम्मा." ओमानच्या मध्यवर्ती बँकेने 2020 च्या आधीच्या कितीतरी नोटा रद्द केल्या होत्या, आणि त्या वापरायची मुदत 31 डिसेंबर 2024 ला संपली होती. आमच्या वीसच्या वीस नोटा त्यातल्या. जावयांनी बँकेतही विचारून पाहिलं. उत्तर तेच.

नोटा खोट्या असत्या तर निदान आधी कुणाला तरी शंका आली असती. या अस्सल होत्या. उजेडात धरून बघितल्या असत्या तरी काही कळलं नसतं.

पाकिटात बँकेचं कार्ड होतं, तेही चालेना. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमामुळे नवीन कार्डावर परदेशातला व्यवहार मुळात बंद असतो, तो आपण चालू करून घ्यायचा असतो. ॲपमधून चालू करायला गेलो तर ओटीपी हवा, आणि सिमवर रोमिंग नाही. घरून निघण्यापूर्वी पाच मिनिटांत झालं असतं ते काम. आठवा महिना सरलेल्या लेकीने आमच्या हातात पैसे ठेवले तेव्हा मला तिच्याकडे बघवेना.

परत आल्यावर हे दुकानात गेले. "काका, नोटा खऱ्याच दिल्या ना?" हे त्याचं उत्तर. बरीच बोलाचाली झाल्यावर दोन हप्त्यांत 20,000 रुपये दिले, पुढे फोन उचलणं बंद केलं. पोलिसांत जायचं ठरवलं तर भाच्याने समजावलं, की परवाना नसलेल्या माणसाकडून परकीय चलन घेणं हेच मुळात फेमा या परकीय चलनाच्या कायद्याच्या बाहेर आहे, आणि पुरावा म्हणून आपल्याकडे कागदाचा एक कपटाही नाही. परवानाधारकाने 50,000 च्या वरची रक्कम रोखीत घेतलीच नसती, ती चेकने किंवा बँकेतून द्यावी लागते, हेही तेव्हाच कळलं. म्हणजे 86,000 रोख मागणारा माणूस तिथेच ओळखता आला असता.

आणि तो भाव! ओमानचा रियाल डॉलरला बांधलेला आहे, एका रियालला साधारण 2.6 डॉलर. त्या दिवशी डॉलर 86 रुपयांच्या आसपास होता, म्हणजे रियाल 223 च्या वर. खऱ्या भावापेक्षा स्वस्तात कोण का विकेल? मोबाइलवर एक गुणाकार केला असता तर हा प्रश्न तेव्हाच पडला असता.

गेल्या आठवड्यात वाडीतला एक मुलगा कतारला निघाला. "काकी, तिथले रियाल स्वस्तात मिळतायत," असं सांगत आला. कतारच्याही जुन्या नोटा 2021 च्या अखेरीस बंद झाल्यात. त्याला मी माझ्या डब्यातल्या नोटा दाखवल्या, वास घ्यायला लावला. मग पासपोर्ट, पॅन कार्ड आणि तिकीट घेऊन आम्ही दोघं रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या ठिकाणी गेलो. तिथे काउंटरवर उभं राहूनच एकेका नोटेवरचं साल वाचलं, आणि पावती त्याने पासपोर्टमध्ये घडी करून ठेवली.