एलडीपीसी डिकोडरची काटकसरी मेमरी: काही महिन्यांच्या वापरानंतर

फ्लॅश मेमरी चालवणाऱ्या कंट्रोलरसाठी एलडीपीसी डिकोडर, म्हणजे वाचलेल्या बिटांतल्या चुका जादा तपासणी-बिटांच्या आधारे दुरुस्त करणारं सर्किट, निवडताना बहुतेक जण दुरुस्तीची ताकद आणि वेग बघतात. गेले काही महिने आम्ही एफपीजीएवर (आतली जोडणी पुन्हा बदलता येणारी चिप) जो डिकोडर चालवतोय, तो मी निवडला त्याच्या मेमरीच्या मांडणीसाठी. या ब्लॉकची जागा आणि वीज यांचा मोठा वाटा मेमरीच खाते. बेरीज-वजाबाकी त्यामानाने स्वस्तात होते.

आधी आकार सांगतो, पुढचं सगळं त्यावर उभं आहे. डेटा ४ केबी, म्हणजे ३२,७६८ बिट. पॅरिटी, म्हणजे जादा तपासणी-बिट, धरून कोडवर्ड (एकत्र साठवला जाणारा पूर्ण गट) ३६,८६४ बिटांचा. कोणता बिट कोणत्या चेकमध्ये (तपासणीत) येतो ते सांगणारं मॅट्रिक्स क्वासी-सायक्लिक, म्हणजे चक्राकार सरकवलेल्या २५६ बाय २५६ च्या ठोकळ्यांचं, ठोकळ्यांच्या १६ ओळी आणि १४४ स्तंभ. स्तंभाचं वजन ४, म्हणजे प्रत्येक बिट ४ चेकमध्ये, त्यामुळे प्रत्येक चेकमध्ये ३६ बिट येतात.

चेककडून बिटाकडे जाणारा प्रत्येक मेसेज (तो बिट ० की १ आणि किती खात्रीने, हा अंदाज) ४ बिटांत साठवायचा म्हटलं तर ७२ केबी लागतात. पण मिन-सम या सोप्या डिकोडिंग पद्धतीत एका चेकच्या ३६ मेसेजांमध्ये, चिन्ह सोडून, वेगळी मूल्यं असतात दोनच: सगळ्यांत लहान आणि त्याच्या खालोखालचं. मग ही दोन मूल्यं प्रत्येकी ३ बिटांत, लहान मूल्य कुठून आलं तो क्रमांक ६ बिटांत, आणि ३६ चिन्हं. झाले ४८ बिट. ४,०९६ चेकचे मिळून २४ केबी, म्हणजे थेट एक तृतीयांश. यात माहिती तसूभरही हरवत नाही. वाचताना तोच मेसेज जसाच्या तसा पुन्हा तयार होतो. मला या डिझाइनमधलं सगळ्यांत जास्त आवडलेलं हेच.

डिकोडिंग लेयर्ड, म्हणजे मॅट्रिक्सची एकेक ओळ घेत चालणारं, असल्यामुळे चॅनेलची, म्हणजे फ्लॅशमधून आलेली सुरुवातीची, मूल्यं वेगळी ठेवावी लागत नाहीत. प्रत्येक बिटाची एकच चालती बेरीज असते, ६ बिटांची. त्याचे २७ केबी. ओळीमागून ओळ ताजी मूल्यं वापरली जातात, म्हणून फेऱ्याही साधारण निम्म्यावर येतात. ६ बिट पुरतात कसे, हे तपासून बघण्यासारखं आहे. ३ बिटांच्या कमाल ७ मधून ऑफसेट (ठरलेली वजाबाकी) १ वजा केल्यावर मेसेज जास्तीत जास्त ६, असे ४ मेसेज म्हणजे २४, त्यात चॅनेलचे कमाल ७. बेरीज ३१. चिन्हासकट ६ बिटांची मर्यादाही ३१ च! बेरीज कधीच कापली जात नाही, आणि मोठ्या मूल्यांची छाटणी झाल्यामुळे येणाऱ्या एरर फ्लोअरचं (चुका ज्या पातळीखाली सहज घटत नाहीत ती पातळी) एक कारण मुळातच टळतं.

कागदावरचे केबी आणि प्रत्यक्षातली रॅम यांत मात्र बरंच अंतर निघतं. २४ केबींपैकी १८ केबी नुसती चिन्हं आहेत, आणि अडचण तिथेच आली. दर क्लॉकला २५६ चिन्हं लागतात, खोली, म्हणजे मेमरीतल्या ओळींची संख्या, १६ गुणिले ३६, म्हणजे ५७६. आमच्या एफपीजीएतल्या ब्लॉक रॅमची (तयार मेमरी ब्लॉक) सगळ्यांत रुंद मांडणी ५१२ ओळी आणि ७२ बिट. फक्त ६४ ओळी जास्त झाल्या आणि डिझाइन टूलने १,०२४ ओळींची, ३६ बिटांची मांडणी घेतली. जिथे ४ ब्लॉक पुरले असते तिथे ८ गेले, तेही जवळजवळ अर्धे रिकामे. शेवटी त्या उरलेल्या ६४ ओळी आम्ही एलयूटी रॅममध्ये (लॉजिकच्या छोट्या तक्त्यांपासून बनणारी रॅम) हलवल्या. तिची खोली नेमकी ६४ असल्याने त्या चपखल बसल्या. मेमरी किती बिटांची यापेक्षा ती किती रुंद आणि किती खोल, हे आधी विचारा.

अडचणीची दुसरी जागा पाइपलाइनची, म्हणजे एक ओळ संपायच्या आत पुढची सुरू करण्याची. मॅट्रिक्सच्या लागोपाठच्या दोन ओळींत सरासरी ९ स्तंभ सामायिक असतात. आधीच्या ओळीचं लिखाण संपायच्या आत पुढची ओळ तेच वाचायला गेली तर जुनं मूल्य हाती येतं. थांबून राहिलं तर वेग जातो. या डिझाइनमध्ये सामायिक स्तंभ लिहिताना आधी आणि वाचताना शेवटी घेतले आहेत. त्यामुळे वाचायचा आणि लिहायचा क्रम वेगळा पडतो, मधल्या मूल्यांना साधा फिफो (आधी आलेलं आधी बाहेर देणारी रांग) चालत नाही, पत्त्याने वाचता येणारी पावणेसात केबीची रॅम लागते. मला हा सौदा पटला.

तक्रार एकच, पण मोठी आहे. चालती बेरीज पहिल्या ओळीपासूनच बदलते, म्हणजे फ्लॅशमधून आलेले मूळ बिट पुसले जातात. फर्मवेअरला (कंट्रोलर चालवणारा प्रोग्रॅम) तर दुरुस्त झालेल्या बिटांची संख्या हवी असते. फ्लॅशमधलं पेज (डेटाचा एक तुकडा) कधी दुसरीकडे हलवायचं हे तीच सांगते. हार्ड डिकोडिंग (नुसत्या ०-१ वरून) फसल्यावर सॉफ्ट रीडच्या (खात्रीची पातळी कळावी म्हणून पुन्हा वाचण्याच्या) वेळीही पहिल्या वाचनाचे बिट कामाला येतात. मूळ प्रतीसाठी साडेचार केबी आम्ही स्वतः जोडले. काटकसरीच्या नावाखाली ही प्रत गाळायला नको होती.

एफपीजीएवर चाचणी का, तर क्लायंट (साध्या संगणकांतल्या) एसएसडीसाठी जेडेक या मानक संस्थेची अट, वाचलेल्या बिटांमागे दुरुस्त न होणाऱ्या चुका १० चा उणे १५ वा घात, एवढी कडक आहे. ती पडताळायची तर अपयशाचं एक उदाहरण दिसायलाही सुमारे ३,००० कोटी कोडवर्ड तपासावे लागतात. एका फेरीला ५७६ क्लॉक, २०० मेगाहर्ट्झ, सरासरी ५ फेऱ्या धरल्या तर एका डिकोडरला त्यासाठी साधारण पाच दिवस लागतात. सॉफ्टवेअर सिम्युलेशनने तिथवर पोचणं अवघडच.

एरर फ्लोअर आणखी खाली न्यायला आता स्तंभाचं वजन ५ करायचा विचार आहे. मेसेज सुटे साठवले असते तर त्याला १८ केबी जादा लागले असते. या मांडणीत साडेचारच लागतात. पण ५ गुणिले ६ अधिक ७ म्हणजे ३७, म्हणून बेरजेला सातवा बिट द्यावा लागेल, त्याचे आणखी साडेचार केबी. चिन्हांची खोलीही ७२० वर जाते आणि ६४ ओळींची एलयूटी रॅम पुरत नाही. तिथे पुन्हा ८ ब्लॉक घ्यायचे की २५६ चा ठोकळा बदलून मॅट्रिक्सच नव्याने बांधायचं, यावर सध्या काम चालू आहे.