पैशांची रक्कम: पूर्णांक की डेसिमल?

प्रोग्राममध्ये रक्कम कशी साठवायची हा प्रश्न. फ्लोट (अपूर्णांक बायनरीत ठेवणारा संख्येचा प्रकार) आधीच बाद. तिथे ०.१ + ०.२ चे उत्तर ०.३०००००००००००००००४ येते, कारण ०.१ बायनरीत नेमका मावतच नाही.

पूर्णांकात रक्कम चलनाच्या सर्वात लहान एककात ठेवतात: १९.९९ ऐवजी १९९९. बेरीज अचूक, तुलना सरळ. घोळ होतो तो डोळे झाकून शंभराने भागल्यामुळे. जपानी येनला दशांश स्थाने नाहीत, कुवेती दिनारला ३ आहेत. म्हणून रकमेशेजारी चलनाचा कोड हवाच. १०० चे ३ वाटे करताना उरलेले एकक कोणाला द्यायचे (३४, ३३, ३३) हेही कोडमध्ये स्पष्ट लिहा, नाहीतर ते हरवते.

व्याज, कर, विनिमय दर आले की डेसिमल (अपूर्णांक दशांशातच ठेवणारा प्रकार) सरस. मधल्या पायऱ्यांत जास्त स्थाने टिकतात आणि राउंडिंग शेवटी एकदाच करता येते. पायथन भाषेत डेसिमल स्ट्रिंगमधूनच (म्हणजे मजकूर म्हणून लिहिलेल्या आकड्यातून) बनवा, फ्लोट दिलात तर त्याची चूकही आत येते. जावा भाषेतल्या बिगडेसिमल या डेसिमल प्रकारात समानता तपासणाऱ्या 'इक्वल्स'ला २.० आणि २.०० वेगळे वाटतात. तिथे फक्त किंमत तोलणारे 'कंपेअरटू' वापरा.

खातेवही साठवायला आमची पसंती पूर्णांकाला, दरांच्या आकडेमोडीला डेसिमलला. एकातून दुसऱ्यात जाताना राउंडिंगचा नियम मात्र एकाच फंक्शनमध्ये ठेवा.