अमेरिकेचा नियम दाखवून बाबांना लुबाडणारा ‘पेन्शन सल्लागार’

बाबा नौदलात होते, बॉयलर रूमला. वाफेच्या जुन्या जहाजांत पाइपांवर अ‍ॅस्बेस्टॉसचं लॅगिंग (उष्णता अडवणारं वेष्टन) असायचं, दुरुस्तीला ते फोडलं की भुकटी अंगभर. तिचे तंतू फुप्फुसात गेले तरी आजार बहुतेकदा 20 ते 40 वर्षांनी उघड होतो. म्हणजे निवृत्तीच्या वैद्यकीय तपासणीत माणूस ठणठणीत. आता जिना चढताना धाप लागते म्हणून स्कॅन केला, तर अ‍ॅस्बेस्टोसिस, म्हणजे या तंतूंमुळे होणारा फुप्फुसाचा आजार. इतक्या वर्षांनी आपला अपंगत्व पेन्शनचा दावा कोण ऐकणार, ही बाबांची धास्ती त्या एजंटाने बरोबर हेरली.

विक्रोळीत गाववाल्यांच्या एका कार्यक्रमात तो भेटला. बोलणं गोड, ‘चीफसाहेब, चीफसाहेब’ करत. मोबाइलवर त्याने दाखवलं की मेसोथेलिओमा झालेल्या नौसैनिकाला 100 टक्के अपंगत्व धरतात. खोटं नव्हतं ते, पण अमेरिकेतलं होतं! तिथला कायदा, तिथले सैनिक. शिवाय आजारही दुसराच. मेसोथेलिओमा हा कर्करोग, बाबांना तो नाही.

फाइल फी म्हणून 35 हजार रोख घेतले, पावती नाही. मिळणाऱ्या पेन्शनच्या थकबाकीतला तिसरा हिस्सा त्याचा, म्हणून कोऱ्या स्टॅम्प पेपरवर सही. डिस्चार्जचे मूळ कागदही नेले. मग सैनिकांच्या पेन्शनच्या ‘स्पर्श’ पोर्टलचा ओटीपी मागू लागला. तिथे मात्र बाबा अडले. ओटीपी मिळत नाही म्हटल्यावर त्याचा फोनच लागेना.

आपल्याकडे अर्जाला फी नाही. नौसैनिकाची सेवानोंद मानखुर्दच्या ब्युरो ऑफ सेलर्सकडे असते. कोणत्या जहाजावर काय काम केलं, हे तिथल्या नोंदींतून दाखवता येतं. या आजारात सगळी मदार त्यावर, नुसत्या स्कॅनवर नाही. छातीच्या डॉक्टरांकडूनही कामाचा इतिहास लिहून घ्यावा. आजार नोकरीमुळे की नाही आणि अपंगत्व किती टक्के, हे वैद्यकीय मंडळ सांगतं. नाकारलं तर अपील, पुढे सशस्त्र दल न्यायाधिकरण, त्याचं खंडपीठ मुंबईतच आहे. अर्ज कसा लिहायचा हे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात सांगतात, तेही फुकट. टक्केवारी वाढवून आणतो म्हणणाऱ्याच्या हातात यातलं काहीच नसतं.

पोलिसांत तक्रार दिली आहे, मुख्यतः त्या कोऱ्या सहीसाठी. हल्ली तो नव्या नंबरवरून फोन करतो असं दोघा-तिघांकडून कळलं. सुरुवात ठरलेली: ‘चीफसाहेब, तुमच्या जहाजावरच्या एकाचं काम नुकतंच केलं.’ जहाजाचं नाव विचारा.